तुम्ही विचारलंत म्हणून: हुमणी मरतेच, मग बुरशीचा जीन कशाला वाचायचा?

"मॅडम, मेटारायझियम टाकलं की हुमणी मरते, आम्हाला तेवढं पुरे. त्या बुरशीचा जीन काढून वाचत कशाला बसता?" उसाच्या बांधावर दर पावसाळ्यात कुणी ना कुणी मला हे विचारतंच. हुमणी म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी, आणि मेटारायझियम म्हणजे तिला मारणारी बुरशी.

बुरशीला तोंड नसतं. तिचा बीजाणू अळीच्या अंगाला चिकटतो, रुजतो आणि कातडीतून आत शिरतो. कातडी म्हणजे कायटिनचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारी प्रथिनं. ही प्रथिनं बुरशी पीआर-१ नावाच्या एन्झाइमनं विरघळवते. त्याचा जीन शास्त्रज्ञ सेंट लेजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली क्लोन केला, म्हणजे वेगळा काढून त्याच्या प्रती केल्या.

आपल्या मातीतल्या बुरशीतून तोच जीन काढायला मी बसले, तेव्हा तीन महिने काहीच हाती लागेना. जीन चालू असला की त्याची आरएनए प्रत पेशीत सापडते. तिच्यावरून डीएनए बनवायचा, प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्यात, जोडायचा, ई. कोलाय जिवाणूत वाढवायचा आणि मग वाचायचा. पण मुळात प्रतच मिळत नव्हती! बुरशी साखरेच्या द्रावणात मजेत वाढत होती, आणि पोट भरलेलं असलं की ती हा जीन बंद ठेवते. साखर काढून हुमणीच्या कातीची पूड घातली, तेव्हा कुठे प्रत मिळाली. त्या दिवशी मी जेवायचंही विसरले.

एका दमात डीएनएची सातशे-आठशे अक्षरंच नीट वाचता येतात, म्हणून दोन्ही टोकांकडून वाचत अकराशेच्या वर अक्षरं जुळवली. हे एन्झाइम म्यानातल्या विळ्यासारखं तयार होतं. पुढचा तुकडा गळून पडला की मगच ते कापू लागतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. १९९६ साली त्याच गटानं या जीनच्या जादा प्रती बुरशीत घातल्या. तंबाखूवरच्या हॉर्नवर्म अळ्या २५ टक्के लवकर मेल्या, त्यांनी ४० टक्के कमी खाल्लं. पण त्या मेलेल्या अळ्यांवर बुरशीला नीट बीजाणूच धरता येईनात. जीन वाचला नसता तर हे कळलं नसतं. हुमणी महिनोन्‌महिने जमिनीत राहते. तिच्यासाठी मला आपली सावकाश मारणारी, मारल्यावर अळीवर हिरवी दाट पसरणारी बुरशीच हवी, कारण पुढच्या हुमणीला लागणारे बीजाणू तिथूनच मातीत जातात.

खुरपताना अशी हिरवी पडलेली हुमणी दिसली, तर बाहेर फेकू नका. सरीतच पुरा.