तीन मूर्ती, घोडा एकही नाही

दिल्लीला निघालो तेव्हा अण्णांनी एकच काम सांगितलं. "ते घोडेस्वारांचं स्मारक हाय म्हणतात ना तिथं, त्याचा फोटो धाड." लाल किल्ला नको, इंडिया गेट नको. अण्णांना घोड्यांचं वेड आहे. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत खंडोबाचं दर्शन पाच मिनिटांत उरकायचं आणि उरलेला दिवस घोडेबाजारात काढायचा, हा त्यांचा दरवर्षीचा शिरस्ता. घ्यायचं काही नसतं. तरी जनावराचे दात आणि कपाळावरचा भोवरा बघितल्याशिवाय पाय पुढे सरकत नाही.

लोक कल्याण मार्ग स्टेशनवर उतरलो. २०१६ पर्यंत याचं नाव रेस कोर्स होतं, आणि शर्यतीचं मैदान अजूनही जवळच आहे. म्हटलं, सुरुवात तर बरी झाली. ऑटोवाल्याला तीन मूर्ती सांगितलं तर तो म्हणाला, "म्युझियम?" मी म्हटलं, नाही, चौक. त्यानं आरशातून माझ्याकडे नीट बघून घेतलं. "चौक में क्या देखोगे भैया, वहाँ तो गाडी भी नहीं रुकती."

गाडी खरंच थांबत नव्हती. थोडं पुढं जाऊन उतरलो आणि उलटा चालत आलो. रुंद गोल चौक, मध्ये हिरवळ, आणि त्या हिरवळीपर्यंत पोचायचं तर गाड्यांमधली फट शोधायची. दोनदा माघार घेतली. तिसऱ्यांदा माळीकाम करणारे एक काका पाण्याचा पाइप ओढत निघाले होते, त्यांच्या मागून पळालो.

समोर दगडी स्तंभ आणि त्याच्या तिन्ही अंगांना तीन ब्राँझचे जवान. डोक्याला फेटे, पायात बूट, ताठ उभे. मी एक फेरी मारली, मग दुसरी. घोडा कुठेच नाही. आपल्याकडे चौक म्हटला की अश्वारूढ पुतळा ठरलेला. घोड्याचा कोणता पाय उचललेला आहे आणि त्याचा अर्थ काय, यावर पारावर अर्धा तास वाद घालायची आपली सवय. आणि इथे घोडदळाचं स्मारक, तर स्वार सगळे पायउतार.

हे तिघे म्हणजे जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या संस्थानांचे लान्सर्स, म्हणजे भालाईत स्वार. संस्थानिकांनी आपल्या खर्चानं उभी केलेली ही पथकं पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या १५व्या इम्पीरियल सर्व्हिस कॅव्हलरी ब्रिगेडमध्ये होती. सुएझपासून सीरियापर्यंत ती लढली. लिओनार्ड जेनिंग्ज या शिल्पकाराचं हे काम १९२२ सालचं. समोरचा सरसेनापतींचा बंगला त्यानंतर, १९३० मध्ये झाला. नेहरू १९४८ पासून १९६४ पर्यंत तिथेच राहिले. त्या वास्तूला तीन मूर्ती भवन हे नाव या तिघांमुळे पडलं. दिल्लीकर मात्र भवनाच्या नावानं चौक शोधतात.

या सगळ्या मोहिमेत नाव राहिलं ते हैफाचं. २३ सप्टेंबर १९१८. आज हे बंदर इस्राएलमध्ये आहे, तेव्हा तुर्कांकडे होतं. आदल्या दिवशी चिलखती गाड्या पाठवून पाहिल्या होत्या, त्या मार खाऊन परतल्या. मग स्वारांना बोलावलं. शहरात शिरायची वाट किती चिंचोळी, तर एका हाताला कार्मेलचा डोंगर, दुसऱ्या हाताला किशोन नदी, आणि मधल्या पट्टीवर डोंगरातल्या तोफा आणि मशीनगन रोखलेल्या. म्हैसूरचे स्वार सकाळपासून डोंगर चढून वरच्या तोफांच्या मागे लागले. जोधपूरवाले दुपारी दोनच्या सुमारास खालून सुटले. टेहळणीला पुढे गेलेले घोडे नदीकाठच्या रेतीत रुतले. नदी पार होणार नाही हे भरधाव दौडीत कळलं आणि तिथल्या तिथे, गोळीबाराखाली, सगळ्यांनी डावीकडे लगाम खेचले. थेट डोंगराच्या पायथ्याच्या मशीनगनवर जाऊन धडकले. वळताना मेजर दलपतसिंह शेखावत यांना गोळी लागली. ते त्यातच गेले. त्यांच्यामागची तुकडी थांबली नाही, तासाभरात स्वार शहराच्या गल्ल्यांत होते.

हाती लागले ते साडेतेराशेच्या आसपास कैदी, १७ तोफा, ११ मशीनगन. आपल्या बाजूची माणसं पडली आठ, जखमी ३४. आणि घोडे? ६० मेले, ८३ जखमी झाले.

या शेवटच्या आकड्यावर मी अडकलो. मशीनगनसमोर भाला घेतलेला माणूस वाचला तो वेगामुळे, हे लष्करी लोक सांगतात ते बरोबरच. पण तो वेग कोणाचा होता? एका माणसामागे सात-साडेसात घोडी. आणि स्मारकात त्यांचा एक खूरसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट आमच्या घरची. नांदेड निजामाच्या राज्यातलं, त्यामुळे तिसरा जवान अण्णांच्या भाषेत "आपल्या संस्थानचा". हा आपला माणूस हैफाच्या त्या चढाईत नव्हताच. ती जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांची. हैदराबादचे लान्सर्स त्याच ब्रिगेडचे, आधीच्या लढायांत उतरलेले, त्यामुळे स्तंभावरची त्यांची जागा हक्काची आहे. पण २०१८ च्या जानेवारीत, इस्राएलचे पंतप्रधान नेतान्याहू आले असताना, चौकाचं नाव तीन मूर्ती हैफा चौक असं केलं गेलं, आणि तेव्हापासून तो बिचारा दुसऱ्यांच्या लढाईच्या नावाखाली उभा आहे. मला तर जुनं नाव बरं वाटतं. त्यात तिघेही मावत होते.

जाता जाता एक. तेव्हा हैफात बहाई पंथाचे प्रमुख अब्दुल-बहा राहत होते. आदल्या दिवशी मी कालकाजीच्या लोटस टेंपलमध्ये रांगेत अनवाणी उभा होतो, ते मंदिर याच पंथाचं. दिल्लीत कुठलं टोक कुठे जाऊन जुळेल, सांगता येत नाही.

माळीकाका पाइप सोडून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. जवानांच्या फेट्यांवर कबुतरं बसतात, सणासुदीच्या आधी धुवावं लागतं, म्हणाले. २३ सप्टेंबरला फौजी येतात, फुलं वाहतात, त्या दिवशी चौक चकाचक. मी विचारलं, घोडे घेऊन येतात का? "नहीं साहब, गाडी से."

घोडे आहेत ते जयपूरला. संस्थानांची घोडदळं एकत्र करून १९५३ मध्ये ६१वी कॅव्हलरी उभी राहिली, त्यात म्हैसूरवाले आले, आणि शिंद्यांचे ग्वाल्हेर लान्सर्ससुद्धा. तिथे अण्णांनाच घेऊन जायला हवं. मला घोड्यातलं काय कळतंय.

तिन्ही जवानांचे वेगवेगळे फोटो काढले, चौथा लांबून, स्तंभ पूर्ण येईल असा. फोटोंच्या खाली कोण कुठला ते लिहून अण्णांना पाठवले. मेट्रोत बसेपर्यंत फोन आलाच.

"बघितले रे. माणसं चांगली हायती. घोडं कुठंय?"

"नाहीये, अण्णा."

"बाजूला बांधलं असंल. नीट बघितलं का तू?"