फॉक्सप्रोची थकबाकी यादी पीडीएफमध्ये: कामाची तिसरी नोंद

मंडळी, वाचनालयाची थकबाकी यादी अखेर पीडीएफ झाली. ३४ पानं, सगळी मराठी अक्षरं जागच्या जागी, आणि शेवटच्या पानावरची बेरीज जुन्या छापील यादीशी पैशापर्यंत जुळली. यात तीन रविवार गेले. त्यातले दोन मी चुकीच्या वाटेवर घालवले. ती वाट आधी सांगतो, कारण पहिल्यांदा तीच धरावीशी वाटते.

जे आज पहिल्यांदा वाचताहेत त्यांच्यासाठी: पुण्यात नारायण पेठेतल्या एका वाचनालयाचा सगळा कारभार फॉक्सप्रो २.६ या डॉसवरच्या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये आहे. मराठी मजकूर जिस्ट कार्डाच्या (संगणकात बसवायचं, भारतीय लिप्या दाखवणारं कार्ड) जोरावर, म्हणजे इस्की संकेतात (भारतीय अक्षरांना आकडे देणारी जुनी पद्धत) साठवलेला. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं हेड गेलं आणि कार्यकारिणीला दर महिन्याला द्यायची यादी अडकली. तपकीर गल्लीतून जुन्या डिस्कसाठी यूएसबी अडॅप्टर आणला, डिस्कची प्रत काढली आणि लॅपटॉपवर डॉसबॉक्स-एक्समध्ये, म्हणजे आजच्या संगणकावर डॉस उभा करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रोग्रॅम चालू केला. चालू तर झाला, पण जिस्ट कार्डाशिवाय पडद्यावर नुसत्या रेघा आणि चौकोन. शेवटी ग्रंथपाल बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "तीन दाबा, मग दोन, मग एंटर, मग तारीख." इतक्या वर्षांत मेनू त्यांच्या बोटांत बसलाय. त्यांच्या सांगण्यावरून मी न वाचता यादीपर्यंत पोचलो. या कामातला मला सगळ्यात आवडलेला क्षण हाच.

आता चुकीची वाट. मला वाटलं, प्रोग्रॅम हवाच कशाला? फॉक्सप्रो ज्यात नोंदी ठेवतो ती डीबीएफ फाइल तर उघडं पुस्तक आहे. सुरुवातीला ३२ बाइटचं शीर्षक, मग प्रत्येक रकान्याला ३२ बाइट, त्यानंतर ठरलेल्या लांबीच्या नोंदी. पायथनमध्ये वाचक लिहायला एक संध्याकाळ पुरली. पण यादीत ४१ नावं जास्त आली. फॉक्सप्रोत डिलीट केलेली नोंद पॅक (कायमची साफ) करेपर्यंत फाइलमध्येच राहते, तिच्या पहिल्या बाइटमध्ये फक्त फुली पडते. ती फुली मी बघतच नव्हतो. हे सुधारलं तर पुढे एक सभासद १९०२ साली दाखल झालेला दिसला! असे एकूण २३ निघाले. तारखेच्या रकान्यात साल चार आकड्यांत साठतं, पण भरताना दोनच आकडे दिले तर २.६ त्यांना विसाव्या शतकात ढकलतं. कागदावर "०२" एवढंच छापलं जायचं, त्यामुळे कुणाच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं.

हेही निस्तरता आलं असतं. माझा हात थांबला तो दंडापाशी. दंडाचा हिशेब कुठल्याच टेबलमध्ये नाही, तो प्रोग्रॅममध्ये आहे. दिवाळीच्या सुट्ट्या वगळायच्या, आजीव सभासदांना माफी, अनामतीपेक्षा दंड जास्त होऊ द्यायचा नाही. असे नियम कुणीतरी विचारपूर्वक बसवलेत. ते मी पुन्हा लिहायला गेलो तर माझी यादी वाचनालयाच्या यादीपेक्षा वेगळी होणार, आणि त्यावर सभासदांकडून पैसे मागितले जाणार. माझं मत आता पक्कं झालंय: बेरीज जुन्या प्रोग्रॅमनेच करावी, आपण फक्त तिला नवा कागद द्यावा.

म्हणून छपाईचाच मजकूर पकडला. सेट प्रिंटर टू या आज्ञेला फाइलचं नाव दिलं की प्रिंटरला जाणारा प्रत्येक बाइट फाइलमध्ये येतो. त्यात एप्सन प्रिंटरला आज्ञा देणाऱ्या खुणा असतात, बाइटच्या आकड्यांत: २७ आणि ६९ म्हणजे ठळक सुरू, २७ आणि ७० म्हणजे बंद, १५ म्हणजे बारीक अक्षर, १२ म्हणजे पान संपलं. इस्कीची अक्षरं १६१ च्या पुढे, त्यामुळे दोन्हींची टक्कर होत नाही. तरी यादीच्या अगदी सुरुवातीला एक इंग्रजी एच का येतोय ते कळेना. तो पानाच्या उंचीचा आकडा निघाला. २७, ६७, ७२ म्हणजे ७२ ओळींचं पान, बारा इंची कागदासाठी. मी पहिले दोनच बाइट गाळत होतो आणि ७२ हा एचचा संकेत आहे. खूण ओळखलीत तर तिच्यामागचा आकडाही गिळायला विसरू नका.

१२ ची खूण मात्र जपून ठेवा. प्रत्येक पानाखाली "पुढे नेले" आणि पुढच्या पानावर "मागून आणले" अशा बेरजा असतात. पानं जुन्या जागीच तुटली तरच त्यांना अर्थ आहे.

इस्कीतून युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणकांच्या संकेतात, नेण्यासाठी मी स्वतःचा तक्ता केला. आयसीयू या युनिकोडच्या सॉफ्टवेअर संचात इस्कीचा परिवर्तक तयार मिळतो, पण मला प्रत्येक बाइट डोळ्यांखालून घालायचा होता. इस्की हे १९९१ चं भारतीय मानक, आणि जिस्टचं काम पुढे आपल्याच पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत वाढलं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली, त्यामुळे काम सरळ वाटतं. मी घसरलो २०८ वर. २०७ म्हणजे र, आणि २०८ मला त्याचीच दुसरी प्रत वाटली. तो आपला ऱ होता. त्यामुळे यादीतले सगळे कऱ्हाडे आणि गोऱ्हे डोक्यावर रफार घेऊन उभे! पुण्यातल्या यादीत हे चालणारच नाही. माणसाचं आडनाव नीट छापणं ही किमान गोष्ट आहे.

रकान्यांबद्दल एकच सांगतो: आधी बाइट मोजून ओळ कापा, मग युनिकोड करा. इस्कीतल्या काही खुणा जागा घेतात पण अक्षर देत नाहीत, म्हणून उलट क्रमाने केलं तर रकाने सरकतात. पत्त्याला ४० बाइट आहेत आणि "लक्ष्मी" या शब्दालाच ७ लागतात, त्यामुळे काही पत्ते "लक्ष्मी रस्" असे पाय मोडून थांबलेत. ते तसेच ठेवलेत. जे साठलेलंच नाही ते मी कुठून आणू?

पुढचं लवकर झालं. प्रत्येक पानाचा एचटीएमएल तक्ता करून वीझीप्रिंट या एचटीएमएलची पीडीएफ करणाऱ्या साधनाने पीडीएफ काढली. आधी रिपोर्टलॅब या दुसऱ्या साधनाची जुनी आवृत्ती वापरली होती, तिच्यात जोडाक्षरं सुटी पडली आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे गेली. वीझीप्रिंट पँगो आणि हार्फबझ या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरकडून अक्षरं जुळवून घेतं. भाषा मराठी आहे हे एचटीएमएलमध्ये सांगायला विसरू नका. योग्य फाँट असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. फाइल पीडीएफ/ए प्रकारात ठेवलीय, म्हणजे फाँट आतच राहतो आणि कुणाच्याही फोनवर यादी तशीच दिसते.

काल ती कार्यकारिणीच्या व्हॉट्सअॅप गटात गेली. ग्रंथपाल बाईंनी मागच्या वर्षीचा छापील गठ्ठा काढून त्याच तारखेची यादी ओळीओळीने ताडून पाहिली, तेव्हाच मी निर्धास्त झालो. १९०२ वाल्या २३ नावांची वेगळी यादी त्यांना दिलीय. मूळ डेटाला मी हात लावलेला नाही.

एक गोष्ट अजून सुटायचीय. पीडीएफमधून नाव कॉपी केलं की काही ठिकाणी वेलांटी सटकते. नुसतं बघायला यादी चोख आहे, पण शोधताना नाव सापडलं नाही तर अर्धंच काम झालं. कुणी यावर उपाय केला असेल तर जरूर कळवा. पुढच्या रविवारी पुस्तकांची दाखल नोंदवही घेतोय. तिची ओळ १३२ अक्षरांची आहे आणि तिच्यात पुस्तकांची नावं दोन ओळींत मोडलीत.