पाहुण्यांचे जिप्सम आणि दाजींचे वरकस

नाशिकमध्ये माती परीक्षणाचे काम करताना सामूचा (पीएचचा; सातच्या खाली माती आम्ल, वर अल्कधर्मी) आकडा आठच्या आसपास पाहण्याची नजरेला सवय होऊन जाते. निफाड, येवला, सिन्नर, चांदवड या भागांतून येणारे नमुने बहुतेक काळ्या, चुनखडीच्या जमिनींचे असतात. त्यामुळे मे महिन्यात इगतपुरी तालुक्यातील एका नमुन्याचा सामू ५.१ भरला, तेव्हा आमच्या नव्या सहायकाने पहिला संशय यंत्रावर घेतला. त्याने इलेक्ट्रोड धुतला, ४, ७ आणि ९.२ सामूच्या प्रमाण द्रावणांत यंत्र पुन्हा तपासले, एक भाग माती आणि अडीच भाग पाणी असे मिश्रण नव्याने ढवळले, आणि आकडा तोच आला. यंत्र ठीक होते. सह्याद्रीच्या माथ्यावरची पावसात धुऊन निघालेली तांबडी माती त्याने त्याआधी हाताळलेली नव्हती, इतकेच.

अहवाल नेण्यासाठी ते शेतकरी स्वतः आले होते आणि त्यांच्यासोबत त्यांच्या पत्नीचे भाऊ होते. हे पाहुणे निफाडकडचे द्राक्षबागायतदार. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवरचा भुईमूग दोन वर्षे पिवळा पडत होता, शेंगा धरत नव्हत्या, आणि पाहुण्यांच्या सल्ल्यावरून दोन्ही वर्षे जिप्सम टाकूनही फरक पडलेला नव्हता. पाहुणे बोलत होते ते अनुभवाच्या बळावर, कारण कालव्याच्या पाण्याने चोपण (सोडियम साचून घट्ट, निचरा नसलेला) झालेला त्यांचा एक तुकडा जिप्सममुळेच पुन्हा पिकाखाली आला होता. “दाजी, माझ्या रानात चाललं ते तुमच्या रानात का चालू नये?” असे त्यांनी माझ्यासमोरच विचारले. प्रश्न दाजींना होता, पण उत्तर मी द्यायचे होते.

तोंडी समजावण्याऐवजी मी दोन काचेच्या तबकड्यांत दोन माती घेतल्या, एक दाजींची आणि दुसरी निफाड तालुक्यातून आलेल्या नमुन्यातील, आणि दोन्हींवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब सोडले. निफाडची माती लगेच फसफसली. इगतपुरीच्या मातीवर थेंब नुसते जिरून गेले. ज्या मातीत मोकळा चुना असतो तिच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. ज्या मातीतील चुना वर्षानुवर्षांच्या मुसळधार पावसाने धुऊन नेलेला असतो, तिच्यात फसफसण्यासारखे काही उरतच नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम निघून गेल्यावर मातीच्या कणांवरची त्यांची जागा हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम घेतात, आणि सामू साडेपाचाच्या खाली उतरला की विरघळलेले ॲल्युमिनियम मुळांची वाढ खुंटवू लागते. टाकलेले स्फुरद (फॉस्फरस) लोह आणि ॲल्युमिनियमशी बांधले जाते. भुईमुगाच्या मुळांवर गाठी बनवणारे जिवाणूही अशा मातीत नीट काम करत नाहीत.

जिप्समबद्दल मात्र न्याय करायला हवा. चोपण जमिनीत त्यातील कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावते आणि सोडियम निचऱ्याच्या पाण्याबरोबर निघून जातो, म्हणून पाहुण्यांना गुण आला. भुईमुगाच्या शेंगा भरण्यासाठीही जिप्सममधील कॅल्शियम आणि गंधक उपयोगी पडतात, त्यामुळे दाजींचे पैसे अगदीच पाण्यात गेले असे मी म्हणणार नाही. परंतु जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट; त्याने आम्लता मारली जात नाही. ते काम चुनखडीतील कार्बोनेट करते. शिवाय दाजी पिकाचा पिवळेपणा घालवण्यासाठी अमोनियम सल्फेट वाढवत होते, आणि त्याच्या १०० किलोंनी निर्माण होणारी आम्लता मारण्यासाठी सुमारे ११० किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट लागते. हे ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले.

किती चुना लागेल हे नुसत्या सामूवरून सांगता येत नाही, आणि दुकानातून सरसकट एकरी इतकी पोती असे सांगितले जाते ते मला कधीच पटलेले नाही. सामू सारखा असला तरी चिकण माती आणि रेताड माती यांची भूक वेगळी असते. म्हणून आम्ही ७.५ सामूचे बफर द्रावण (सामूतला बदल रोखून धरणारे) मातीत मिसळून त्याचा सामू किती खाली येतो ते पाहतो. जितका उतार जास्त, तितका चुना जास्त. दाजींच्या वरकसाला एकरी सव्वा टनाच्या आसपास चुनखडीची बारीक भुकटी लागेल असे निघाले. भट्टीत भाजलेला चुना मिळाला तर १०० किलो शुद्ध चुनखडीचे काम ५६ किलोंत होते, पण तो अंगाला, डोळ्यांना भाजतो. इतका खर्च एकदम झेपणार नसेल, तर पेरणीच्या सरीत हेक्टरी दोन ते चार क्विंटल चुना दरवर्षी देण्याचा मार्गही मी सांगितला. युरिया किंवा अमोनियमयुक्त खत त्याच दिवशी चुन्यात मिसळू नये, नाहीतर नत्र अमोनिया होऊन उडून जाते, हे अहवालावर हाताने लिहून दिले.

“मॅडम, मग राबाच्या जागी रोपं हिरवीगार येतात ती चुन्यावाचून कशी?” दाजींनी विचारले. त्या दिवसातील सर्वांत चांगला प्रश्न हाच होता. राबात पालापाचोळा आणि शेण भाजून उरलेल्या राखेत कॅल्शियम आणि पोटॅशियमची अल्कधर्मी संयुगे असतात. म्हणजे रोपवाटिकेपुरती आम्लता त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कमी केली जात होती. राख साऱ्या वरकसाला पुरणारी नव्हती.

निघता निघता पाहुण्यांनी स्वतःच्या द्राक्षबागेत चुना टाकावा का, असे विचारले, आणि मी घाईने नाही म्हणाले. तिथे मोकळ्या चुन्यामुळेच वेलींना लोह मिळणे अवघड होते आणि नवी पाने पिवळी पडतात.

पुढच्या वर्षी दाजींचा फोन आला तो थोडा तक्रारीच्या सुरात. त्यांनी भुईमुगाच्या निम्म्या तुकड्यात आणि भाताच्या एका खाचरात चुना टाकला होता. भुईमुगात बांधावरून दिसण्याइतका फरक होता, चुन्याच्या बाजूला उपटलेल्या झाडाच्या मुळांवर गाठी होत्या; भातात मात्र काहीच नाही. खाचरात पाणी साचले की हवा तुटते, लोहाचे क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) होताना हायड्रोजन खर्ची पडतो आणि काही आठवड्यांत मातीचा सामू आपोआप सातच्या दिशेने सरकतो, म्हणून आवणीच्या भाताला चुन्याचा लाभ सहसा थोडाच दिसतो. पाणी ओसरल्यावर त्याच खाचरात हरभरा घेतला तर कदाचित दिसेल, असे मी सुचवले. उरलेला चुना त्यांनी नागलीच्या तुकड्यासाठी राखून ठेवला आहे, आणि तिथला नमुना चुना टाकण्यापूर्वी पाठवतो म्हणाले.