सायकल पायथ्याशी का ठेवता, असे तुम्ही विचारलेत म्हणून

पुण्याहून खडकवासला, खानापूर करत पाबे घाट चढायचा, कानद मावळातल्या गाडीवाटा आणि ढोरवाटा तुडवायच्या, आणि राजगड समोर उभा राहिला की सायकल कुणाच्या तरी पडवीत लावून उरलेला डोंगर पायी चढायचा, हा काय प्रकार आहे, असे मला इतक्या जणांनी विचारले आहे की आता प्रश्न पुरा होण्याआधीच त्याचा रोख कळतो. विचारणारे बहुतेक तरुण सायकलस्वार असतात. सायकल खांद्यावर टाकून बालेकिल्ल्यापर्यंत नेलेली माणसे त्यांनी पाहिलेली असतात, आणि माझे वय पाहून उत्तर त्यांनी मनाशी ठरवलेलेही असते. कधी विचारणारे गिर्यारोहक असतात. त्यांच्या स्वरात ‘उशिरा का होईना, शहाणे झालात’ असे एक समाधान असते, आणि खरे सांगायचे तर वयाच्या शंकेपेक्षा मला ते अधिक झोंबते.

वयाचे म्हणाल तर सायकल खांद्यावर घेऊन चढणे मला अजून जमते. कायद्याचेही कारण नाही. राजगड राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे संरक्षित स्मारक आहे, आणि 2025 मध्ये शिवनेरी व लोहगडासह तो जागतिक वारसा यादीत गेला, हे मला ठाऊक आहे. पण माझी सायकल त्याच्या पुष्कळ आधीपासून खाली राहते आहे. गडावर पायीच जावे, त्यातच भक्ती आहे, असे मानणाऱ्यांशी माझे भांडण नाही, मात्र माझे कारण तेही नव्हे.

एक सभ्य उत्तर मी बरीच वर्षे देत आलो. किल्ल्याची वाट मुळात येणाऱ्याला दमवण्यासाठी बांधलेली असते. वाट तटाखालून फिरवलेली, पायऱ्यांची उंची मुद्दाम कमीजास्त, आणि रायगडाच्या महादरवाजासारखी गोमुखी बांधणी असली तर अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतही नाही. अशा वाटेवर वेगाचे साधन नेणे म्हणजे बांधणाऱ्याचे म्हणणे ऐकूनच न घेणे, असे मी सांगत असे. ऐकणारे मान डोलावत. यातले एकही विधान खोटे नाही. फक्त ते माझे कारण नाही, आणि आता हे उत्तर देण्याचा मला कंटाळा आला आहे.

कारण पूर्वी मी स्वतःच याच्या नेमके उलट बोलत असे आणि सायकल वर नेत असे. राजगडाच्या पाली दरवाजाचीच वाट घ्या, मी म्हणे. एवढ्या रुंद पायऱ्या आणि अंबारीसह हत्ती आत यावा म्हणून सांगतात एवढी उंच कमान, हे काय पायी येणाऱ्यासाठी आहे? सह्याद्रीतल्या घाटवाटा व्यापाऱ्यांच्या बैलांनी रुळवल्या. गडांवर घोडे गेले, पालख्या गेल्या. मग दोन चाकांचे एवढे वावडे का? वाट झिजण्याच्या आक्षेपालाही माझ्याकडे उत्तर होते. फिरते चाक जमिनीवरून निघून जाते; माती उकरते ते ब्रेक दाबून धरलेले, घसरत जाणारे चाक. तसे चाक गेले की वाटेत एक चर पडतो, पावसाळ्यात पाणी तोच चर धरते आणि दोन-चार पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ होतो. पण ज्याला ब्रेक दाबावा कसा आणि सोडावा कधी हे कळते, त्याच्या चाकापेक्षा सुटीच्या दिवशी त्या वाटेवरून जाणारे शेकडो बूट अधिक माती खाली ढकलतात. हे सारे मला आजही बरोबर वाटते. तो जुना मी समोर येऊन बसला तर वादात बहुधा तोच जिंकेल.

सायकल वर नेणे मी ज्यामुळे थांबवले, ते आता सांगतो.

आश्विनाचे दिवस होते. पाऊस सरल्यासारखा वाटत होता, खाचरांतला इंद्रायणी भात पिवळा पडला होता, आणि काही ठिकाणी कापणी सुरू झाली होती. आम्ही चार-पाच जण पाली दरवाजाने सायकली घेऊन वर गेलो, पद्मावती माचीवर शिदोरी सोडली, सईबाईंच्या समाधीपाशी थोडे थांबलो आणि दुपारी उतरू लागलो. आमच्यात जो सर्वांत तयारीचा होता (नाव घेत नाही, त्याला ते आवडणार नाही), तो पायऱ्यांचा टप्पा संपेपर्यंत आमच्यासारखाच सायकल उचलून आला. पुढे दगडमातीची उतरती वाट लागली, तेव्हा तो सीटवर बसला. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर याहून अवघड उतार त्याने किती वेळा उतरला असेल, म्हणून कुणाला त्यात वावगे वाटले नाही, मलाही नाही. पुढचे चाक दोन दगडांच्या बेचक्यात अडकले, सायकल जागीच थांबली आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. मांडीचे हाड मोडले आहे हे सांगायला डॉक्टरची गरज नव्हती.

मोबाईलला रेंज नव्हती. एकाला खाली पिटाळले, आणि उरलेल्यांनी कारवीच्या काठ्या तोडून, जवळच्या जादा ट्यूब काढून पाय बांधला. ट्यूब ताणली जाते आणि घट्ट बसते, त्यामुळे या कामाला ती फार चांगली, हे ज्ञान त्या दिवशी मिळाले. बऱ्याच वेळाने खालून माणसे आली. भात कापता कापता ती उठून आली होती. एकाच्या कमरेला विळाही तसाच होता. त्यांनी बांबू आणि घोंगड्या आणल्या होत्या. त्याची झोळी झाली आणि आम्ही उतरू लागलो.

मोडलेल्या मांडीचा माणूस उतारावरून नेणे हे काय असते ते मला आधी माहीत नव्हते. झोळी आडवी राहावी म्हणून पुढच्यांना बांबू डोक्याच्या वर धरावा लागतो आणि मागच्यांना तो जवळजवळ गुडघ्यापर्यंत खाली घ्यावा लागतो. वळण आले की सगळ्यांनी थांबायचे, खांदा बदलायचा, मग पुढे. आम्ही मदत करत होतो म्हणणे फुशारकीचे होईल. आमचे बूट त्या वाटेवर घसरत होते, त्यांच्या रबरी चपला घसरत नव्हत्या. शेवटी आम्हाला सायकली आणायला सांगण्यात आले. त्यातल्या एका वयस्क गृहस्थांनी मोडक्या चाकाची ती सायकल माझ्याकडून घेतली, खांद्यावर टाकली आणि काही पावले गेल्यावर अगदी सहज विचारले, “दादा, वर काय काम व्हतं वं हिचं?”

त्यात टोमणा नव्हता. खत वर न्यायचे, पाणी वर न्यायचे, तसे सायकल वर न्यायचे काही काम असेल, असे त्यांना खरोखरच वाटले होते. मी काहीतरी पुटपुटलो.

गावापर्यंत जीप आली होती. पुण्याला पोहोचेपर्यंत अंधार पडला, आणि रात्री परतीचा पाऊस कोसळला. आम्ही रुग्णालयाच्या बाकांवर बसून तो ऐकत होतो, आणि आपण वेळेत निसटलो, असे आमच्यातला एकजण म्हणालादेखील.

आठवड्याने सायकली आणायला गेलो तेव्हा त्या पावसाचा दुसरा अर्थ कळला. कापलेले भात दोन-तीन दिवस तसेच शेतात आडवे टाकून वाळवतात. ज्यांच्या हाती त्या दिवशी बांबू होते, त्यांच्यापैकी एका घरच्या दोन खाचरांतले कापलेले भात दुपारी आवरून घ्यायचे राहिले, कारण आवरणारे हात डोंगरावर होते. पावसानंतर ऊन पडले नाही, आणि लोंब्यांना कोंब फुटले. मी पैसे पुढे केले. घरच्या बाईंनी ते मोजले, त्यातले काही परत दिले आणि म्हणाल्या, “हे वझं आणल्याचं झालं. भाताचं तुम्ही काय देनार, ते पावसाचं हाय.” मी पुष्कळ आग्रह केला. त्यांनी परत दिलेले पैसे काही घेतले नाहीत, आणि त्यांनी मला मोकळे केले की अडकवले, हे मला अजून सांगता येत नाही.

तेव्हापासून माझी सायकल खाली राहते. आमच्या धाडसाची भरपाई खोऱ्यातल्या दुसऱ्या कुणाला करावी लागू नये, असे मी त्याचे सूत्र करून पाहिले; पण ते फार टिकत नाही. पायी चढणाऱ्याचाही पाय मोडतो. त्यालाही झोळीतूनच आणतात, आणि कामाचाच प्रश्न असेल तर वर त्याचे तरी काय काम असते? मग मी दुसरे सूत्र केले: जिथवर जीप येते तिथवर सायकल. तेही मी स्वतःच मोडले आहे. मढे घाटाने सायकल घेऊन शिवथरच्या बाजूला मी उतरलो आहे, आणि पुन्हा उतरणार नाही असे वचन मी देत नाही. घाटवाट ही ये-जा करण्याची वाट आहे, गड हे जाऊन थांबण्याचे ठिकाण आहे, असा फरक मी करतो; तो कितपत खरा आणि कितपत सोयीचा, हे तुम्ही विचारू नये.

मग सायकलच सोडून सरळ एसटीने का जात नाही, असाही एक प्रश्न येतो. याचे उत्तर मात्र मी न अडखळता देईन. राजगड-तोरणा नुसते चढून कळत नाहीत. पाबे खिंडीत धापा टाकत पोहोचल्यावर दोन्ही गड एका दृष्टिक्षेपात दिसतात, आणि तोरणा हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी शेजारचा मुरुमदेवाचा डोंगर, म्हणजे आजचा राजगड, बांधायला का घेतला असेल, हे खाली उतरता उतरता पायांना समजू लागते: एका बाजूला कानद, दुसऱ्या बाजूला गुंजण मावळ, आणि दोन्ही खोऱ्यांतली हालचाल त्या एका डोंगरावरून दिसणारी. गाडीतून हे पाहायला वेळ मिळत नाही, आणि पायी एवढी खोरी एका दिवसात जोडता येत नाहीत. मुठा, मोसे, आंबी या नद्यांवर आता टेमघर, वरसगाव, पानशेतची धरणे आहेत. जलाशयाच्या कडेकडेने पाण्यात शिरलेले जमिनीचे प्रत्येक बोट वळसा घालून ओलांडताना बुडालेल्या खोऱ्याचा आकार जसा कळतो, तसा नकाशावरून कळत नाही. सायकलचे काम इथे आहे. निदान इथे तिला काय काम आहे असे कुणी विचारले, तर मला पुटपुटावे लागणार नाही.

ज्याची मांडी मोडली त्याला यातले फारसे पटत नाही. त्याच्या मांडीत सळई आहे आणि तो पूर्वीइतकीच सायकल चालवतो. त्याचे म्हणणे असे की पाय त्याचा मोडला, त्याच्या पायावर व्रत मात्र मी धरले. भाताचे नुकसान भरून देण्याचे इतर मार्ग होते, ते शोधण्याऐवजी मी स्वतःलाच एक सोपी शिक्षा लावून घेतली, आणि तिचा त्या घराला काडीचा उपयोग झाला नाही. या शेवटच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मार्गशीर्षात तो राजगडावरून तोरण्याला डोंगराच्या धारेने सायकल घेऊन जाण्याच्या विचारात आहे आणि मला चल म्हणतो. मी त्याला कळवले आहे की तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यापर्यंत सायकलने येईन, पुढे पायी. त्यावर, मग मला फार थांबावे लागेल, असे त्याने कळवले आहे.