तुम्ही विचारलंत म्हणून: चकोराच्या डोंगरात सुरुवात कशी करावी?

अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरात आणि आसपास राहणाऱ्या, डोंगर चढण्याची आवड असलेल्या मराठी मंडळींकडून गेली काही वर्षे मला एकच प्रश्न वारंवार येतो: "तुम्ही कुत्री घेऊन चकोराच्या शिकारीला जाता, आम्हालाही शिकायचे आहे, बंदूक कोणती घ्यावी?" उत्तर देताना मी बंदुकीचा विषय शेवटी घेतो, कारण या शिकारीत नवखा माणूस आधी पायांत कमी पडतो, मग पाण्याच्या हिशेबात, आणि नेमबाजीचा प्रश्न त्यानंतर येतो.

चांदणे पिऊन जगतो असे आपल्या कवितेने ज्याच्याविषयी सांगितले, तोच हा चकोर. इथे त्याला 'चकर' म्हणतात. हिमालयापासून पश्चिम आशियापर्यंतचे कोरडे, खडकाळ उतार हे त्याचे मूळ घर. १८९३ साली कराचीहून त्याच्या काही जोड्या अमेरिकेत आणल्या गेल्या आणि पुढे विसाव्या शतकात नेवाडा, आयडाहो, ओरेगन, युटा अशा राज्यांत सोडलेले पक्षी जिथे चढ, खडक आणि गवत एकत्र आहे तिथे टिकले. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याच्या शिकारीला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. मी लिहितो आहे ते फक्त इथल्या, हंगाम आणि रोजची मर्यादा ठरवून दिलेल्या शिकारीविषयी.

कागदपत्रांचे काम आधी उरकावे. आयडाहोत १ जानेवारी १९७५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचा परवाना घेण्यापूर्वी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. शिवाय नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघराज्याचा कायदा बंदूक बाळगू देत नाही. वैध शिकार परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक. म्हणून परवाना हातात येण्यापूर्वी बंदुकीच्या दुकानाची पायरी चढू नये.

आता डोंगर. स्नेक नदीने कोरलेली हेल्स कॅन्यन ही दरी सुमारे २,४०० मीटर खोल आहे. तिचे आणि तिच्या आजूबाजूच्या टेकड्यांचे उतार पाहून सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला ओळखीची खूण पटते, कारण इथेही लाव्हाचे थरावर थर आहेत, बेसॉल्टचे काळे कडे आहेत आणि कड्यांच्या मधल्या पट्ट्यांत वाळके गवत, घसारा, सोंडा आणि घळी आहेत. पायवाट मात्र बहुतेक ठिकाणी नसते आणि सावली तर जवळजवळ कुठेच नसते. घसाऱ्यावर तासन्‌तास आडवे चालताना घोट्याला जो पीळ पडतो, त्याची सवय व्हायला माझा अख्खा एक हंगाम गेला. त्यामुळे माझा आग्रह असा की उन्हाळ्यात पहाटे, बंदुकीशिवाय, पाठीवर पाण्याचे ओझे घेऊन हे उतार आधी पायाखाली घालावेत.

ही सवय का लागते, हे पक्ष्याच्या स्वभावावरून कळते. खालून माणूस येताना दिसला की चकोर सहसा उडत नाही; तो धावत वर चढतो, माणसाला दम लागेपर्यंत चढत राहतो आणि शेवटी धारेजवळून झेप घेऊन उतारावरून खाली निघून जातो. त्याच्या मागोमाग चढणे म्हणजे केवळ दमणे. दुसऱ्याच सोंडेने उंची गाठावी, मग एकाच उंचीवर आडवे जात घळी तपासाव्यात. ऊन चढले की हवा उताराने वर सरकू लागते, त्यामुळे वर असलेल्या कुत्र्याच्या नाकापर्यंत खालच्या थव्याचा वास आपोआप येतो. थवा उधळला तर लगेच पाठलाग करू नये. थोडा वेळ बसून राहिले की पांगलेले पक्षी 'चक्‌-चक्‌-चकर' असे एकमेकांना बोलावू लागतात आणि कुठे उतरले ते स्वतःच सांगतात.

माझी कुत्री रेवा जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर जातीची आहे. वास लागताच ती पाऊल उचललेले तसेच ठेवून स्तब्ध होते आणि कधीकधी ती माझ्यापासून तीनशे मीटर दूर, तेही वर, अशी उभी असते; मी धापा टाकत पोहोचेपर्यंत तिने जागा सोडायची नसते आणि पुढे सरकून थवा उडवायचाही नसतो. किती जवळ जायचे हे तिला मी शिकवू शकलो नाही, रानातल्या चकोरांनीच शिकवले.

पहिल्याच सप्टेंबरात मी तिच्या बाबतीत गंभीर चूक केली. ऊन तापलेले असताना, आणखी एक घळ पाहू म्हणून मी पुढे गेलो. तिची जीभ गडद लाल होऊन रुंद लोंबू लागली, हाक मारली तरी ती वळेना, आणि मागचे पाय अडखळू लागले. उरलेले सगळे पाणी तिच्या पोटावर आणि जांघेत ओतून, तिला खांद्यावर घेऊन मी नदीपर्यंत उतरलो. ती वाचली. कुत्र्याच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या वर गेले की प्राणावर बेतते, आणि शिकारी कुत्रे वासाच्या नादात स्वतःहून थांबत नाही. थांबवणे हे आपले काम आहे. तेव्हापासून माझ्या पाठीवर माझ्यासाठी दोन आणि तिच्यासाठी तीन लिटर पाणी असते, आणि ऊन तापू लागले की आम्ही उतरतो. विषारी खुळखुळ्या साप (रॅटलस्नेक) थंडी पडेपर्यंत बाहेर असतात, म्हणून नवख्याने नोव्हेंबरातच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बंदुकीविषयी थोडेच सांगतो. दिवसभर एका हातात पेलता येईल अशी हलकी, २० बोअरची दुनळी पुरते. थव्याकडे पाहून बार टाकू नये, एकच पक्षी निवडावा. आणि तो खाली झेपावत असल्यामुळे नेम त्याच्या खाली धरावा. थवा गेल्यावर काडतुसे लगेच काढू नयेत, कारण मागे राहिलेला एखादा पक्षी उशिराने उठतो.

दिवसाचे शेवटचे काम गाडीपाशी असते. इथल्या उतारांवर चीटग्रास नावाचे, चकोरासारखेच बाहेरून आलेले गवत माजले आहे. चकोर त्याचे कोवळे अंकुर आणि बी खाऊन जगतो, पण त्याची वाळलेली कुसळे कुत्र्याच्या कानात आणि बोटांच्या बेचक्यात शिरून आत आत सरकत जातात. म्हणून स्वतःचे बूट सोडण्याआधी मी रेवाला मागच्या फळीवर आडवी करतो, कपाळावरचा दिवा लावतो आणि चिमटा घेऊन तिचा एकेक पंजा उघडून पाहतो. डाव्या मागच्या पंजाला हात लावलेला तिला आवडत नाही. तो मी शेवटी घेतो.