लाल फुलीवरचा भरवसा

विमानांची उपकरणं तपासणं-दुरुस्त करणं हे माझं काम. ते कळलं की प्रश्न ठरलेला असतो: "कॉकपिटमध्ये आता नुसते डिजिटल पडदे. आत फिरणारं चाकच नाही, मग त्यावर भरवसा कसा ठेवता?"

आधी त्या चाकाबद्दल सांगतो. विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या कृत्रिम क्षितिजाच्या डबीतलं ते चाक व्हॅक्यूम पंपाने ओढलेल्या हवेवर मिनिटाला 10,000 हून जास्त फेरे घेतं. इंजिन बंद झाल्यावर ते मंदावताना कान दिला की बेअरिंग कितपत झिजलंय ते कळतं. तो आवाज मला फार आवडतो. पण उडताना पंप मोडला, तर हेच चाक घात करतं. ते लगेच थांबत नाही. कित्येक मिनिटं मंदावत राहतं आणि क्षितिज हळूहळू कलतं. बाहेर ढग असले की वैमानिकाचं तोलाचं भानही फसतं. तो त्या खोट्या क्षितिजाच्या मागे विमान कलवत नेतो.

आता त्या चाकाच्या जागी चिप असते. तिच्यात सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा सेकंदाला हजारो वेळा थरथरतो. विमान वळलं की कोरिऑलिस परिणामामुळे तो किंचित बाजूला सरकतो आणि ते सरकणं विजेच्या बदलातून मोजता येतं. (मोठ्या विमानांत हे काम लेझर करतो, बोईंग 767 तर 1982 पासून.) झिजायला बेअरिंग नाही, पण चिपलाही खोड आहे. स्थिर ठेवली तरी ती जराशी वळल्याचं सांगत राहते आणि ती चूक साठत जाते. मग त्वरणमापक 'खाली' कुठे ते दाखवतो. लांब वळणात तोही फसतो, म्हणून संगणक वेग आणि चुंबकीय दिशाही हिशेबात घेतो. हिशेब जुळेनासा झाला की क्षितिज पुसून तिथे लाल फुली येते. माझा भरवसा त्या फुलीवर आहे. जुनी डबी असं कधीच कबूल करत नसे.

तरी संगणकाला बाहेरच्या हवेतून वेग नीट कळायला हवा. 2009 मध्ये एअर फ्रान्सच्या 447 क्रमांकाच्या उड्डाणात पिटो नळ्या (हवेच्या दाबावरून वेग मोजणाऱ्या) बर्फाच्या कणांनी तुंबल्या, वेगाचे आकडे चुकले, ऑटोपायलट सुटला. त्या गोंधळात विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल गेली, आणि 228 जण गेले. म्हणून तपासणीला विमान आलं की मी पडदा नंतर लावतो. आधी पिटोचं तोंड बघतो.