एएमसाठी ट्यूनर निवडताना: ‘३०० वॅट’चा हिशेब

माझा हौशी रेडिओचा एएम ट्रान्समीटर (दोन ८०७ व्हॉल्व्हचा, प्लेट-मॉड्युलेटेड) आता स्थिर चालतोय. कॅरिअर, म्हणजे आवाज नसतानाही जाणारी मूळ लहर, ७५ वॅट. पुढचं काम ट्यूनरचं, म्हणजे अँटेना ट्रान्समीटरच्या ५० ओहमशी जुळवणाऱ्या पेटीचं. त्यात हिशेब बराच निघाला, म्हणून ही नोंद.

बाजारातल्या बऱ्याच छोट्या ट्यूनरवर ‘३०० वॅट’ लिहिलेलं असतं. हा आकडा एसएसबीच्या (कॅरिअर न पाठवता आवाज पाठवायच्या पद्धतीच्या) शिखरांचा. एसएसबीत बोलणारा श्वास घ्यायला थांबला की पॉवरही थांबते. एएमचा कॅरिअर आपण गप्प असतानाही कॉइल तापवत राहतो. शंभर टक्के मॉड्युलेशनला (आवाज कॅरिअरवर पूर्ण चढला की) शिखर कॅरिअरच्या चौपट जातं, म्हणजे माझे ७५ वॅट नेमके ३०० होतात. कागदावर बसतं, पण हाताशी काहीच उरत नाही.

आता अँटेना. गच्चीवर २० मीटरचा डबलेट (मधोमध फीडर जोडलेली तार), खाली साधारण १० मीटर ओपन वायर फीडर (दोन समांतर तारांची लाइन), ४५० ओहमचा. ४० मीटर बँडवर हा फीडर जवळपास पाव तरंगलांबीचा भरतो, त्यामुळे अँटेनाचे ७० ओहम शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) २९०० च्या आसपास दिसतात. तिथे नुसत्या कॅरिअरला शिखर ६६० व्होल्ट, मॉड्युलेशनला त्याच्या दुप्पट, १३२०. जुन्या रेडिओतल्या गँगची (व्हेरिएबल कपॅसिटरची) फट अर्धा मिलिमीटरही नसते. असा गँग कॅरिअरवर गप्प बसेल आणि ‘हॅलो’ म्हटलं की ठिणगी टाकेल. मॉड्युलेशनबरोबर एसडब्ल्यूआरचा (जुळणी किती बिघडली ते दाखवणारा) काटा उडायला लागला की ओळखावं. त्यात आमच्या कोकणपट्टीची दमट, खारी हवा. दीड मिलिमीटरच्या खालची फट मी बघणारच नाही.

८० मीटरवर उलटी तऱ्हा. तिथे हाच डबलेट निम्मा पडतो आणि फीडरच्या खालच्या टोकाला, हिशेबाने, जेमतेम ४ ओहम रेझिस्टन्स आणि १६० ओहम कपॅसिटिव्ह रिअॅक्टन्स येतो. इथे कपॅसिटर ट्रान्समीटरच्या बाजूला बसतो, त्यामुळे त्याला व्होल्टेजची चिंता नाही, करंट मात्र चार अँपिअरच्या वर. जुळवायला साधारण १७५ ओहमचा इंडक्टिव्ह रिअॅक्टन्स लागतो. कॉइलचा क्यू (हा जितका जास्त तितकी कॉइल कमी पॉवर खाते) १०० असेल तर जवळजवळ २३ वॅट कॉइलमध्येच जिरतात. ३०० असेल तर १० च्या आत. माझ्या मते ट्यूनर निवडताना पहिला प्रश्न वॅटचा नाही, कॉइलचा विचारावा.

म्हणून ऑटो ट्यूनर बाद. लहान टोरॉइड आणि रिले, एवढा वेळ कॅरिअर सोसण्यासाठी ते बनवलेलेच नसतात. टी-नेटवर्कचा (दोन कपॅसिटर, मध्ये कॉइल) मोह होता, कारण ते जवळपास काहीही जुळवतं. पण त्यात एसडब्ल्यूआर १:१ दाखवणाऱ्या जागा अनेक, आणि काही जागी बरीचशी पॉवर कॉइल खाते. मीटर ते सांगत नाही. जॉन्सनचा २७५ वॅटचा मॅचबॉक्स हा ट्यूनर खास एएमच्या जमान्यातला, दिसायलाही देखणा, पण ८० वरचे ४ ओहम त्याच्या आवाक्यातले नाहीत. शिवाय इथे मिळणार कुठे?

शेवटी एल-नेटवर्क (कॉइल आणि एकच कपॅसिटर), घरीच. जुळणारी जागा एकच, त्यामुळे फसवणूक नाही. एसीवाल्याकडून पाव इंची तांब्याची नळी आणली. १० सेंटिमीटर व्यासाचे आठ-आठ वेढे, फीडरच्या दोन्ही तारांत एकेक कॉइल. दोन्ही मिळून ९ मायक्रोहेन्रीच्या आसपास. गंमत म्हणजे दोन्ही बँडना लागतं ते ८ च्या आसपासच, त्यामुळे टॅप थोडेच सरकवावे लागतात. १:१ करंट बॅलन (समतोल फीडर आणि असमतोल केबल यांना जोडणारा) रिगच्या, म्हणजे ट्रान्समीटरच्या, बाजूला ठेवला, तिथे ५० ओहम असल्याने तो तापत नाही.

४० वर कपॅसिटर फीडरच्या बाजूला, फक्त ६० पीएफ. रुंद फटीचा व्हेरिएबल मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुन्या सामानात मिळाला. कमी पॉवरवर जुळवून मग पूर्ण कॅरिअर सोडला, मोठ्याने ‘आ’ केलं, ठिणगी नाही. ट्रान्समीटर बंद करून नळीला हात लावला, जेमतेम कोमट.

८० साठी कपॅसिटर रिगच्या बाजूला जातो आणि तिथे ३००० पीएफ लागतात. व्होल्टेज किरकोळ असलं तरी चार अँपिअर त्यातूनही वाहतो, तेव्हा साधे डिस्क सिरॅमिक चालणार नाहीत. ट्रान्समिटिंग मायका समांतर जोडायचे आहेत. कोणाकडे ५०० किंवा १००० पीएफचे पडून असतील तर कळवा.